यारोचा वाफा: विदर्भाच्या उन्हात, थोड्या पाण्यात मधमाश्यांसाठी फुलबाग

पहिल्या वर्षी यारो या फुलझाडाची माझी २२ रोपं उन्हाळ्यात मेली नाहीत. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या बाजूला. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि नवतप्यात दुपारी अंगणात अनवाणी पाय टेकवत नाही. त्या उन्हात रोपांची बाहेरची पानं करपली, पण बुडाशी हिरवे कोंब शाबूत राहिले. मी निर्धास्त झालो. मग मृगाच्या सरी आल्या, आर्द्रा लागली, आणि जुलैत आठ दिवसांची झड लागली. झड उघडल्यावर वाफ्यात गेलो. एक झाड सहज धरून पाहिलं तर ते हातातच आलं. मुळं काळी पडलेली, कुजका वास. २२ पैकी २ झाडं वाचली, आणि ती दोन्ही मी जागा उरली नाही म्हणून धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, मुरमाड चढावर लावली होती.

यारोबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात ‘कमी पाण्यात येणारं, उन्हात तगणारं’ असंच लिहिलेलं असतं. ते खरं आहे. पण ते थंड मुलखातल्या अनुभवावर लिहिलेलं असतं, जिथे जमीन आमच्यासारखी चिकण नाही आणि चार महिन्यांत आभाळ रितं होत नाही. आपल्याकडे या झाडाला पाणी कमी पडून मरण येत नाही, मुळाशी पाणी साचून येतं. पुढे जे सांगतो आहे त्यातला मोठा भाग म्हणूनच पाणी घालण्याबद्दल कमी आणि पाणी काढून देण्याबद्दल जास्त आहे.

झाड ओळखून घ्या

यारो म्हणजे अ‍ॅचिलिया मिलेफोलियम. मिलेफोलियम म्हणजे हजार पानांचं. पानं इतकी बारीक चिरलेली असतात की पिसासारखी दिसतात. झेंडू, सूर्यफूल, शेवंती यांच्याच कुळातलं हे झाड. भारतात ते हिमालयात, काश्मीरपासून कुमाऊंपर्यंतच्या उतारांवर आपोआप उगवतं, आणि युनानी वैद्यकात बिरंजासिफ या नावानं ओळखलं जातं. म्हणजे झाड परकं नाही, पण थंड डोंगरउतारावरचं आहे. हे डोक्यात ठेवलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुचतात. डोंगरउतारावर पाणी थांबत नाही. आणि तिथला उन्हाळा साधारण आपल्या हिवाळ्यासारखा असतो.

फुलांची रचना समजून घेण्यासारखी आहे. लांबून जे एक चपटं फूल वाटतं तो बारीक बारीक फुलोऱ्यांचा ताट असतो. प्रत्येक फुलोऱ्याला बाहेर बहुधा पाच छोट्या पाकळ्या आणि मध्ये नळीसारखी चिमुकली फुलं. नळी आखूड असल्यामुळे ज्यांची सोंड छोटी आहे अशा कीटकांनाही मध पोचतो, आणि चपट्या ताटावर बसायला जागा मिळते. जास्वंदीवर किंवा तरवडावर जे कीटक फारसे दिसत नाहीत ते इथे दिसतात.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. कोवळं यारो लांबून गाजरगवतासारखं दिसतं. पानं चिरलेली, जमिनीलगत पसरलेली, आणि पांढऱ्या जातीची फुलंही तशीच बारीक. आमच्या शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “भाऊ, हे गाजरगवत कायले ठेवून रायला आंगनात?” निंदणाला आलेल्या बायांनी तर अर्धी ओळ उपटलीही होती, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. फरक असा: गाजरगवताच्या पानाचे भाग रुंद, आणि पान फिकं हिरवं. यारोचं पान पिसासारखं अरुंद, लांबोळकं, आणि चुरगळलं की कडसर औषधी वास येतो. वाफ्याला काठ्या रोवून दोरी बांधा आणि घरातल्या, कामावरच्या सगळ्यांना एकदा ते पान हातात देऊन वास घ्यायला लावा.

बुटकी जात कोणती घ्यायची

जंगली यारो दोन-अडीच फूट उंच वाढतं आणि आपल्याकडच्या वाऱ्यात लोळतं. बागेसाठी एक ते दीड फुटाच्या बुटक्या जाती बऱ्या. बियाण्याची पाकिटं ऑनलाइन मिळतात. मी ‘समर पेस्टल्स’ हे मिश्र रंगाचं बियाणं वापरतो. १९९० साली त्याला अमेरिकेत, नव्या जातींची चाचणी घेणाऱ्या ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या संस्थेचा सन्मान मिळाला होता. बियाण्यापासून पहिल्याच हंगामात फूल देतं हा त्याचा आपल्यासाठी मोठा गुण, कारण आपण हे झाड जवळजवळ रब्बी पिकासारखं घेणार आहोत. पाकिटावर उंची दोन फूट लिहिलेली असते, पण हलक्या मातीत आणि भरपूर उन्हात माझ्याकडे ती सव्वा-दीड फुटावर थांबते.

‘मूनशाइन’ नावाची पिवळ्या फुलांची, चंदेरी पानांची सुंदर जात आहे. तिचं बी धरत नाही, ती फुटव्यांपासूनच वाढवतात. त्यामुळे त्या नावाचं बियाणं कुणी विकत असेल तर घेऊ नका. शिवाय चंदेरी, लवदार पानांच्या जाती दमट हवेत लवकर सडतात. विदर्भाच्या पावसाळ्यापुढे त्यांचा निभाव लागणं कठीण. जमिनीलगत पसरणाऱ्या लोकरी यारोचंही तेच. आणि निळ्या किंवा इंद्रधनुषी यारोचं चित्र असलेलं पाकीट दिसलं तर पैसे वाचवा. यारो पांढरं, गुलाबी, लाल, पिवळं, फिकट जांभळं असतं. निळं नसतं.

जागा आणि वाफा

इथे घाई करू नका. माझं सगळं यशापयश या एका कामावर ठरलं.

जागेला निदान सहा तास थेट ऊन हवं. सकाळपासून दुपारी दोनपर्यंतचं ऊन आणि नंतर भिंतीची किंवा झाडाची सावली, अशी जागा मिळाली तर सोनं. कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या थेट खाली नको. तिथे सावलीही पडते आणि मोठ्या झाडाची मुळं वाफ्यात शिरतात.

मग जमिनीची परीक्षा घ्या, आणि ती ऑगस्टमध्ये घ्या. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा खणा. पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला निदान एक इंच पाणी उतरलं तर जमीन चालण्यासारखी. उन्हाळ्यात ही परीक्षा घेतली तर फसाल, कारण काळ्या मातीला तेव्हा भेगा पडलेल्या असतात आणि पाणी त्या भेगांतून गडप होतं. पावसात तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्डा भरलेलाच राहतो. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या आपल्या काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगणारी आहे. कापसाला जी ओल धरून ठेवायला उपयोगी पडते तीच यारोला घातक ठरते. गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडे ज्यांची माती लालसर-पिवळी आणि रेताड आहे त्यांचं काम सोपं. ज्यांच्याकडे बरड, मुरमाड तुकडा आहे त्यांनी तर तोच वापरावा. पीक होत नाही म्हणून पडून असलेली ती जागा या बागेसाठी उत्तम.

माझी दुसऱ्या वर्षीची चूक तुम्ही करू नका. मी काळ्या मातीत दीड फूट खड्डा खणला, त्यात मुरूम भरला आणि वर रोपं लावली. वाटलं, निचरा झाला. प्रत्यक्षात मी जमिनीत एक हौद बांधला होता. चारही बाजूंनी चिकण माती, मध्ये पोकळ मुरूम. आजूबाजूचं सगळं पाणी त्यातच उतरलं. वाफा जमिनीच्या वर बांधा, खाली नको.

माझा आताचा वाफा १० फूट लांब, ४ फूट रुंद आणि १ फूट उंच आहे. कडेला शेतातलेच दगड रचले, चुना-सिमेंट न लावता, म्हणजे फटींतून पाणी निघून जातं. आधी तळाची जमीन कुदळीनं सैल केली आणि तिला लांबीत दोन-तीन इंचांचा उतार दिला. उताराच्या टोकाला एक चर काढून तो परसातल्या शोषखड्ड्याकडे नेला. मग भराई: २५ घनफूट मुरूम, १० घनफूट काळी माती, ५ घनफूट चाळलेलं, पुरतं कुजलेलं शेणखत. घमेल्यानं मोजायचं तर पाचास दोन आणि एक. मुरूम अर्ध्याहून जास्तच हवा. काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळली तर ती मोकळी होत नाही, उलट वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. मुरूम भुरभुरीत, लालसर-करडा घ्या. पांढऱ्या चुनखडीच्या गाठी असलेला नको, आपली माती आधीच विम्लतेकडे झुकलेली असते.

शेणखत कमी पडतंय असं वाटून हात सैल सोडू नका. युरिया, डीएपी तर अजिबात नको. यारोला खत जास्त झालं की झाड लुसलुशीत वाढतं, फुलं कमी देतं आणि दांडे आडवे पडतात. मावाही अशाच झाडावर आधी येतो. वाफा पावसाळ्याआधी भरून ठेवला तर पावसात बसतो, आणि पाणी कुठे साचतं ते लावणीपूर्वीच कळतं. मी जूनमध्ये भरतो आणि प्रत्येक झडीनंतर जाऊन बघतो.

बी टाकणं

सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतं तेव्हापासून १० ऑक्टोबरच्या सुमारास चित्रा लागेपर्यंत बी टाकायचं. त्याआधी उकाडा आणि दमट हवा असते, रोपं मान टाकतात. फार उशीर केला तर झाड फुलायच्या आत ऊन चढतं.

भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत वापरतात तो ९८ किंवा १०४ खणांचा ट्रे घ्या. त्यात कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत, तीनास एक. बी इतकं बारीक असतं की चिमटीत शंभर येतात. कोरड्या बारीक वाळूत मिसळून टाकलं तर सारखं पडतं. एका खणात तीन-चार बिया. आणि आता महत्त्वाचं: वरून माती टाकायची नाही. या बियांना उगवायला उजेड लागतो. बोटानं हलकं दाबा, एवढंच. मिरची-टोमॅटोच्या सवयीनं बी झाकलं तर उगवण निम्म्यावर येते, आणि लोक बियाण्याला दोष देतात.

बी वर उघडं असल्यामुळे ते वाहून जाण्याची भीती असते. झारीनं पाणी घालू नका, फवाऱ्यानं घाला किंवा ट्रे परातीत ठेवून खालून पाणी पिऊ द्या. ट्रे सपरीत, उजेड असेल पण दुपारचं ऊन थेट पडणार नाही अशा ठिकाणी ठेवा. मुंग्यांपासून सांभाळा, ट्रे विटांवर आणि विटांभोवती राख. ८ ते १५ दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. दोन खरी पानं आली की प्रत्येक खणात एकच सुदृढ रोप ठेवून बाकीची कात्रीनं कापा. उपटली तर शेजारच्याची मुळं हलतात. त्यानंतर रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्या.

लावणी आणि पाणी

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, रोपं पाच-सहा पानांची होतात. १५ इंचांवर एक या हिशोबानं ४ फूट रुंदीत तीन ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ, अशी २४ रोपं माझ्या वाफ्यात बसतात. सुरुवातीला वाफा ओकाबोका दिसतो, तरी मध्ये रोपं कोंबू नका. हवा खेळती राहिली तर पानांवर भुरी येत नाही. लावणी संध्याकाळी करा. रोप ट्रेमध्ये जेवढं खोल होतं तेवढंच वाफ्यात. कोंब मातीखाली गेला की सडतो.

पहिले तीन आठवडे एक दिवसाआड प्रत्येक रोपाला लिटरभर पाणी. ‘कमी पाण्याचं झाड’ ही गोष्ट मुळं खोल गेल्यानंतरची आहे. नंतर हळूहळू अंतर वाढवा. डिसेंबर-जानेवारीत मी आठ-दहा दिवसांनी एकदाच, पण सहा बादल्या पाणी संपूर्ण वाफ्याला देतो. पाणी खाली उतरलं की मुळं त्याच्यामागे जातात. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि एप्रिलमध्ये झाड उभं राहत नाही. पाणी द्यायचं की नाही ते ठरवायला तर्जनी दोन पेरं मातीत घाला. टोकाला गारवा लागला तर थांबा. संत्र्याच्या बागेत ठिबक आहे म्हणून त्याच नळीचा एक फाटा इकडे काढू नका, संत्र्याची गरज आणि यारोची गरज यांचा मेळ बसत नाही. खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी विहिरीचं खारं पाणी शक्यतो टाळावं, टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी या छोट्या वाफ्याला पुरतं.

आच्छादनाला तुरीचं किंवा सोयाबीनचं कुटार हाताशी असतंच. पण ते झाडाच्या बुडाला टेकवू नका, चार बोटं मोकळी सोडा. त्याहून चांगलं म्हणजे मुरमाचे वाटाण्याएवढे खडे. ते ओल झाकतात आणि कुजत नाहीत.

बुटकं ठेवणं आपल्या हातात

जात बुटकी घेतली तरी झाड सावलीत, खतावर आणि दाटीत वाढलं तर उंचावतंच. ऊन, हलकी माती आणि अंतर यांनी निम्मं काम होतं. उरलेलं कात्रीनं. जानेवारीअखेर, दिवस मोठा व्हायला लागतो तसे मधून फुलांचे दांडे वर येतात. ते पाच-सहा इंचांचे झाले की मी मधल्या ओळीतल्या झाडांचे दांडे वरून एक तृतीयांश छाटतो. त्या झाडांना बाजूनं दोन-तीन दांडे फुटतात, उंची कमी राहते आणि फूल दोन-तीन आठवडे उशिरा येतं. बाहेरच्या दोन ओळी न छाटता ठेवतो. त्यामुळे एक वाफा आधी आणि नंतर असा दोनदा फुलतो, कीटकांना जास्त दिवस खाणं मिळतं.

माझ्याकडे पहिली फुलं फेब्रुवारीच्या शेवटी, होळीच्या आसपास उमलतात आणि एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतात. फुलांचा ताट तपकिरी झाला की दांडा खालच्या फुटव्यापर्यंत कापा, नवीन कळ्या येतात.

वाफ्यावर कोण येतं

हा काळ नीट पाहा. मार्चमध्ये हरभरा, गहू निघालेला असतो, वावरं मोकळी. वर पळस फुललेला, शेवगा, मग कडुनिंब आणि करंज. आग्या मोहोळाच्या माश्यांना ही झाडं पुरतात, त्या लांब आणि उंच जातात. पण जमिनीजवळ फिरणाऱ्या बारीक माश्यांना, ज्या घरट्यापासून फार दूर जात नाहीत, त्यांच्यासाठी बांधावर फारसं काही उरलेलं नसतं. यारो नेमकं तिथे कामाला येतं.

माझ्या वाफ्यावर सगळ्यात आधी फुलोरी माशी येते, ती झुडपाच्या फांदीवर हाताच्या पंजाएवढं एकच पोळं बांधणारी. तिच्या मागोमाग सातेरी. पण संख्येनं जास्त असते ती सिरफिड माशी: मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे, पण दोनच पंख, आणि हवेत एका जागी थांबते. तिला नांगी नसते. तिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात. बारीक परजीवी गांधीलमाश्याही येतात, ज्या बोंडअळीसारख्या किडींच्या अळ्यांत किंवा अंड्यांत आपली अंडी घालतात. या प्रौढ माश्यांना स्वतःला जगायला मध-पराग लागतो. बांधाला फुलंच नसतील तर त्या आपल्या वावरात थांबतील कशाला?

आणि परागीभवनाचा हिशोब तर सरळ आहे. भोपळा, दोडकं, कारलं, काकडी यांची नर-मादी फुलं वेगळी. माशी आली नाही तर कोवळं फळ पिवळं पडून गळतं. सूर्यफुलाचे दाणे भरायला, कांद्याचं बी धरायला माश्या लागतात. परसातल्या दोडक्याच्या मांडवापासून दहा-पंधरा पावलांवर यारोचा वाफा आला की त्याचा फायदा त्याच उन्हाळ्यात दिसतो.

वर्षभराची सोबत

यारो दीड महिना फुलतं. साडेदहा महिने काय? म्हणून हा वाफा एकटा ठेवू नका, भोवती आपल्याच मातीतली झाडं लावा.

रब्बीत वाफ्याच्या कडेला धने, शेपू, ओवा, बडीशेप यांची एकेक ओळ पेरा आणि थोडी झाडं भाजीसाठी न तोडता फुलू द्या. त्यांची छत्रीसारखी फुलं यारोच्याच धर्तीची आहेत, त्याच कीटकांना आवडतात, आणि यारो उमलायच्या आधी जानेवारीत फुलतात. जवस आणि करडई तर आपली जुनी कोरडवाहू पिकं. चार-चार ओळी टाकल्या तरी रंग आणि मध दोन्ही. करडईचे काटे गुरांना थोडं रोखतातही. पावसाळ्यात तीळ, तुळस, सब्जा आणि एकेरी पाकळ्यांचा झेंडू. मोठ्या गोंड्याचा, गच्च पाकळ्यांचा संकरित झेंडू हारासाठी ठीक, पण त्याच्या पाकळ्यांत माशीला वाट सापडत नाही. तुळशीबद्दल वेगळं सांगायला नको. एक तुळस मंजिऱ्यांवर सोडा आणि सकाळी दहाला तिच्याजवळ उभे राहा.

धुऱ्यावरची निर्गुडी, बोर, रुई तोडू नका. बोर पावसाळा सरता सरता फुलतं तेव्हा त्याच्यावर माश्यांचा गजर असतो. रुईवर मोठे काळे भुंगे येतात. कंबरमोडी, जिला एकदांडीही म्हणतात, ती तण म्हणून उपटली जाते. निदान वाफ्याभोवतीची तरी राहू द्या, बारा महिने ती काही ना काही देते. घाणेरी मात्र फुलपाखरं येतात म्हणून लावू नका. ती पसरते आणि मग कुणाच्या आवाक्यात राहत नाही.

कीटकांना फुलांइतकीच घराची आणि पाण्याची गरज असते. अनेक रानमाश्या जमिनीत बिळं करून राहतात, म्हणून वाफ्याच्या दक्षिणेला हातभर जागा आच्छादनाशिवाय, न खणता सोडा. वीतभर लांबीचे, एका बाजूनं पेर बंद असलेले बांबूचे तुकडे जुडी बांधून पावसापासून आडोशाला आडवे टांगा. उन्हाळ्यात मातीच्या पसरट परळात खडे घालून पाणी ठेवा, खड्यांची टोकं वर राहतील एवढंच, नाहीतर माश्या बुडतात.

फवारणी

हे मला जीव तोडून सांगायचं आहे. फुलबाग लावायची आणि शेजारच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, भर सकाळी कीटकनाशक मारायचं, म्हणजे माश्यांना जेवायला बोलावून विष वाढणं. फवारणी करावीच लागली तर सूर्य कलल्यावर, माश्या परतल्यावर करा, वारा वाफ्याकडे वाहत असताना करू नका. यारोवर तर कसलीच फवारणी लागत नाही. मावा आला तर पाण्याची जोराची धार दोन दिवस मारा. तोपर्यंत सिरफिडच्या अळ्या आणि ढालकिडे कामाला लागलेले असतात. निंबोळी अर्कसुद्धा उमललेल्या फुलांवर मारू नका. रोपं विकत आणणार असाल तर रोपवाटिकेत आंतरप्रवाही कीटकनाशक वापरलं होतं का ते विचारा, कारण ते झाडाच्या रसात भिनतं आणि मध-परागातही उतरतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. जे विष धडधाकट माणसाचा जीव घेतं, त्यापुढे माशीचं काय?

उन्हाळा आणि पावसाळा पार करणं

एप्रिलच्या मध्यावर फुलं संपली की सगळे दांडे जमिनीपासून दोन-तीन इंचांवर कापा. बुडाशी पानांचा गुच्छ राहील. पश्चिमेकडून ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट उभी बांधा. डोक्यावर आडवी बांधली तरी चालते, पण कडा मोकळ्या ठेवा. पाच-सहा दिवसांनी सूर्यास्तानंतर पाणी. या काळात झाड वाढत नाही, नुसतं तग धरतं. पानं अर्धी वाळली म्हणून रोज पाणी ओतू नका, तापलेल्या ओल्या मातीत मुळं उकडल्यासारखी होतात.

मृगापूर्वी, मेअखेर, विमा म्हणून चार-पाच झाडं मुळांच्या गड्ड्यासकट खणून कुंड्यांत घ्या. तेच मुरमाचं मिश्रण, तळाला मोठी छिद्रं. या कुंड्या पत्र्याच्या सपरीखाली, पावसाचा थेंब न लागेल पण सकाळचं ऊन मिळेल अशा ठेवा आणि बोटानं तपासूनच पाणी द्या. वाफ्यातल्या झाडांवरचं कुटार पूर्ण काढून टाका, शेडनेट सोडा, चर साफ करा. झड लागली तर बांबूच्या कमानीवर प्लॅस्टिकचा कागद, दोन्ही बाजू उघड्या. एवढं करूनही काही झाडं जातात. गेल्या पावसाळ्यात माझ्या वाफ्यातली २० पैकी ११ राहिली, कुंडीतली चारही राहिली. गेलेल्या झाडाच्या जागची माती दोन ओंजळी काढून टाका आणि तिथे लगेच पुन्हा यारो लावू नका.

हातावर गाजरगवतानं पुरळ येत असेल तर यारोची छाटणीही हातमोजे घालूनच करा. एकाच कुळातली झाडं असल्यामुळे एकाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. औषधी म्हणून नाव ऐकून काढा करून पिऊ नका, गरोदर बाईनं तर मुळीच नाही. शेळ्यांपासून वाफा राखावा लागतो, बाभळीच्या फांद्यांचं कुंपण पुरतं.

ऑक्टोबरमध्ये, पाऊस पुरता उघडला की, वाचलेली झाडं खणून काढा. दोन वर्षांच्या झाडाचा मधला भाग लाकडासारखा, पोकळ झालेला असतो. तो टाकून द्या. कडेचे ताजे कोंब, प्रत्येकाला तीन-चार पांढरी मुळं राहतील असे, धारदार विळ्यानं वेगळे करा आणि त्याच दिवशी लावा. एका झाडाचे पाच-सहा तरी होतात. हे कोंब बियांच्या रोपांपेक्षा दोन-तीन आठवडे आधी फुलतात, आणि आपला उन्हाळा-पावसाळा पाहून टिकलेल्या झाडाचे असल्यामुळे मी नव्या वाफ्यात आधी त्यांनाच जागा देतो. मिश्र रंगांत कोणतं झाड टिकलं ते लक्षात राहत नाही, म्हणून फुलं असतानाच मार्चमध्ये दांड्याला त्या रंगाचा लोकरीचा धागा बांधायचा, आणि दांडे कापताना तो बुडाशी बांबूच्या काडीला अडकवून ठेवायचा.